आपल्या जागी कोण उभं?

आयुष्यात मी पुष्कळ रांगांत उभा राहिलो आहे. दुधाच्या, घासलेटच्या, रेशनच्या साखरेच्या, गॅसच्या नंबराच्या, मुलाच्या शाळाप्रवेशाच्या आणि गणपतीत कोकणात जाणाऱ्या एसटीच्या. त्यामुळे रांगेचं मला कधी भय वाटलं नाही. पण वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, पार अमेरिकेत जाऊन, तिथल्या रांगेतून आपल्याला बाहेर काढतील, असं कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

त्याचं असं झालं. आम्ही उभयता मुलाकडे अटलांटाला गेलो होतो. नातीला वसंताची आठवडाभर सुट्टी होती, म्हणून सगळ्यांनी ओरलँडोला जायचं ठरलं. फ्लोरिडा राज्यातलं हे शहर म्हणजे थीम पार्कांची पंढरी. डिस्नेनं १९७१ मध्ये तिथं आपला पसारा मांडला, १९९० मध्ये युनिव्हर्सल आलं, आणि आता तिथं अशा खेळनगऱ्यांचा एक मुलूखच झाला आहे. त्यातल्या एका मोठ्या पार्कात आम्ही सकाळी शिरलो. ज्या खेळासाठी नातीनं महिनाभर घर डोक्यावर घेतलं होतं, त्याच्या दारात पाटी होती : ‘येथून ७५ मिनिटे’.

मुलानं क्षणात हिशोब केला. म्हणाला, ‘‘बाबा, तुम्हाला नाहीतरी त्या उलट्यापालट्या गाडीत बसायचं नाही. तुम्ही रांग धरा. आम्ही तिघं तोवर शेजारचा बोटीचा खेळ करून येतो.’’ ही पिशव्या सांभाळत झाडाखाली बाकावर बसली, आणि मी उभा राहिलो.

तिथली रांग सरळ नसते. ती नागमोडी फिरते, कोपऱ्याआड लपते. आता आलंच म्हणावं, तर वळणापलीकडे आणखी एक दालन भरलेलं. भिंतींवर चित्रं, डोक्यावर पंखे, कानावर संगीत. माणूस कंटाळू नये म्हणून केलेली ही सारी योजना. माझ्या मागं एक धिप्पाड गृहस्थ दोन मुलांना घेऊन उभे होते. धाकटा त्यांच्या खांद्यावर झोपून गेला होता. आमच्या थोड्या गप्पा झाल्या. ते अकरा तास गाडी चालवून आले होते, आणि या सहलीसाठी दोन वर्षं पैसे साठवले होते. मीही मुंबईचं, चाळीचं थोडं सांगितलं. तासाभरात आमची बऱ्यापैकी ओळख झाली.

एवढ्यात मुलगा, सूनबाई आणि नात ‘एक्स्क्यूज मी, एक्स्क्यूज मी’ करत माणसांतून वाट काढत माझ्यापर्यंत पोचली. ते गृहस्थ भांडले नाहीत. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, ‘‘मला वाटलं, तुम्ही एकटे आहात.’’ पाठोपाठ तिथला एक कर्मचारी आला आणि हसतमुखानं त्यानं नियम सांगितला. मंडळींनी एकत्र उभं राहायचं, जागा धरून ठेवायची नाही. शेवटी आम्ही चौघं बाहेर पडलो.

मुलगा चिडला होता. ‘‘बाबा, तुम्ही तासभर उभे होतात ना? आपण काही फुकट घुसलो नव्हतो!’’ त्याला उत्तर द्यायला माझ्याकडे त्या वेळी शब्द नव्हते. पण हाच वाद मी पन्नास वर्षांपूर्वी माझ्या आईशी घातला होता, आणि तेव्हा मुलाच्या जागी मी होतो.

ती गोष्ट १९७३ ची. गिरगावातली आमची चाळ. महागाई आणि टंचाई अशी, की मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. घासलेटची गाडी येणार अशी कुणकुण लागली, की पहाटेपासून दुकानापुढे डब्यांची रांग लागे. पत्र्याचे डबे, कॅन, बाटल्या. प्रत्येकाचा डबा त्याच्या जागी बसलेला आणि मालक आसपास कुठंतरी. तळमजल्यावरच्या काकूंचे गुडघे धरले होते. त्या मला म्हणाल्या, ‘‘माझा डबा घेऊन उभा राहशील का रे? दहा पैसे देईन.’’ मी राहिलो. ती माझी पहिली कमाई.

पुढे माझ्यातला व्यापारी जागा झाला. काकूंचा डबा झाला, मग दुसऱ्या मजल्यावरच्यांचा, मग समोरच्या बिऱ्हाडाचा. एका सकाळी मी पाच डबे आणि पाच कार्डं घेऊन एकटा उभा होतो. माझा नंबर आला. मी पाची डबे भरून घेतले, आणि चार माणसांनंतर दुकानदारानं फळी लावली. घासलेट संपलं. त्याच क्षणी जिची पाळी होती, ती पलीकडच्या गल्लीतली, कडेवर तान्हं मूल घेतलेली बाई, रिकामा डबा घेऊन उलट फिरली.

हे आईच्या कानावर गेलं. मी तावातावानं म्हणालो, ‘‘मी चार तास उभा होतो. पैसे कष्टाचे आहेत!’’ आई म्हणाली, ‘‘काकूंचे दहा पैसे कष्टाचे. त्यांना उभं राहवत नाही, त्यांच्या जागी तू उभा राहिलास. एका डब्यामागं एक माणूस. पण बाकीच्या चार डब्यांमागं कोण उभं होतं?’’ मी गप्प. ‘‘त्या चौघांच्या वाटचं उभं राहणं मागच्या लोकांनी केलं. त्यांना तू किती पैसे दिलेस?’’ एवढं बोलून तिनं आमच्या डब्यातलं निम्मं घासलेट बाटलीत ओतलं आणि ती बाटली त्या बाईंकडे पोचवायला मला धाडलं. काकूंचा डबा मात्र मी पुढेही धरत राहिलो, आईच्या परवानगीनं.

तुम्ही म्हणाल, कुठं घासलेटची रांग आणि कुठं अमेरिकेतला खेळ! पण दुसऱ्यासाठी रांगेत उभं राहणं हा आता जगभर रीतसर धंदा आहे. न्यूयॉर्कमध्ये फोनच्या कंपनीतली नोकरी गेलेल्या एका माणसानं २०१२ मध्ये नव्या फोनसाठी दुसऱ्याच्या वतीनं रांग धरली आणि पुढे त्यातून स्वतःची कंपनीच काढली. नाटकाची तिकिटं असोत, बेकरीतला गाजलेला पदार्थ असो, तुम्ही सांगा, त्यांचा माणूस उभा राहील. वॉशिंग्टनमध्ये संसदेच्या समित्यांच्या बैठकांना जागा मिळावी म्हणून भाड्यानं माणसं उभी करण्याची पद्धत जुनी आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं मात्र २०१५ मध्ये वकिलांच्या रांगेपुरती ती बंद केली : ज्याला आत बसायचं आहे, त्यानंच उभं राहायचं. मायकेल सँडेल या हार्वर्डच्या प्राध्यापकांनी पैशानं काय विकत घ्यावं आणि काय घेऊ नये, यावर २०१२ मध्ये एक पुस्तक लिहिलं. त्याचं पहिलंच प्रकरण रांग मोडण्यावर आहे.

थीम पार्कात हा धंदा फारच वाईट वळणावर गेला होता. डिस्नेच्या पार्कांत अपंग व्यक्तीला आणि तिच्या सोबतच्या कुटुंबीयांना रांगेत ताटकळावं लागू नये, अशी सवलत होती. न्यूयॉर्कमधल्या काही श्रीमंत आया मुलांना घेऊन जाताना अपंग व्यक्तीला ‘मार्गदर्शक’ म्हणून भाड्यानं सोबत घेतात, अशी बातमी मे २०१३ मध्ये तिथल्या वृत्तपत्रात आली. भाव तासाला १३० डॉलर, आठ तासांच्या दिवसाला १०४०. म्हणजे कोणाच्या तरी व्हीलचेअरमागून आपली धडधाकट मुलं पुढे न्यायची. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डिस्नेनं ती पद्धत बदलली. थेट प्रवेशाऐवजी ‘अमुक वेळेला या’ अशी वेळ देणं सुरू झालं, आणि २०२४ मध्ये ही सवलत कोणाला मिळेल, याचे नियम आणखी कडक झाले. लबाडी काहींनी केली. सवलतीची ज्यांना खरी गरज होती, त्यांना मात्र वाट पाहावी लागली.

पण भाड्यानं माणूस आणायची आता गरजच उरलेली नाही. पार्क स्वतःच रांग विकतात, आणि तो इतिहासही मोठा गमतीचा आहे. कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड १९५५ मध्ये सुरू झालं, तेव्हा आत शिरायचं तिकीट वेगळं आणि प्रत्येक खेळाचे पैसे वेगळे होते. पुढे कूपनांची पुस्तकं निघाली. सर्वांत भारी खेळाला ‘ई’ कूपन लागे. ते इतकं गाजलं, की सॅली राइड ही अमेरिकेची पहिली महिला अंतराळवीर १९८३ मध्ये अवकाशात गेली, तेव्हा तिनं त्या उड्डाणाची तुलना ई कूपनाच्या खेळाशीच केली. १९८२ मध्ये ही पुस्तकं बंद झाली. एकदा दारात पैसे दिले, की आत हवं ते खेळा! तेव्हापासून खेळाची किंमत पैशात राहिली नाही, ती वेळेत आली. आणि वेळ तर श्रीमंताला आणि गरिबाला सारखाच, दिवसाचे चोवीस तास.

१९९९ मध्ये डिस्नेनं ‘फास्टपास’ आणला. यंत्रात तिकीट घालायचं, ते परत यायची वेळ छापून देई. जणू यंत्रच तुमच्या वतीनं उभं राहिलं. पैसे लागत नसत, म्हणून कोणी कुरकुरलं नाही. करोनाच्या काळात तो बंद पडला आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याच्या जागी पैसे घेणारी व्यवस्था आली. फ्लोरिडात सुरुवातीचा दर होता माणशी १५ डॉलर. २०२४ च्या ऑक्टोबरात तर तिथं असा पास निघाला, की मोठ्या खेळांची जलद रांग प्रत्येकी एकदा, केव्हाही या. तेव्हाचा दर, दिवस आणि पार्क पाहून, माणशी १२९ ते ४४९ डॉलर होता, आणि प्रवेशाचं तिकीट वेगळं. आपल्याकडेही हे नवं राहिलेलं नाही. खोपोलीजवळचं इमॅजिका २०१३ मध्ये उघडलं, तिथंही जादा पैसे देऊन रांग टाळायचं तिकीट निघालं. आणि तिरुपतीचं तीनशे रुपयांचं विशेष दर्शन तर घरोघर माहीत आहे.

आता माझ्या हातून घडलेली गोष्ट सांगतो. दुसऱ्या दिवशी मुलानं आम्हा पाचही जणांचे जलद पास काढले. आदल्या दिवशीचा अपमान त्याच्या मनात होता. आकडा त्यानं मला सांगितला नाही आणि मीही विचारला नाही. माझे पाय दुखत होते. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

जलद रांग त्या दुसऱ्या रांगेला अगदी खेटून जाते. मध्ये फक्त एक दांडा. आम्ही झपाझप चाललो होतो आणि दांड्यापलीकडे माणसं जागच्या जागी उभी होती. एक मुलगी आईचा हात ओढून विचारत होती, ही माणसं कशी जातात? आई खाली मोबाइलमध्ये बघत राहिली. प्रवेशाजवळ कर्मचाऱ्यानं आमच्यासाठी त्यांची रांग थांबवली, आम्हाला सोडलं, मग आमच्या मागच्यांना सोडलं, आणि मग त्यांच्यातले थोडे घेतले.

नात म्हणाली, ‘‘आजोबा, आज रांगच नव्हती!’’

‘‘होती,’’ मी म्हणालो, ‘‘आपण तिच्यात नव्हतो.’’

तेव्हा आईचा हिशोब मला नीट उमगला. गाडीत जागा ठरलेल्या. आम्हाला पाच दिल्या, म्हणजे त्यांच्या पाच गेल्या. काकूंच्या जागी मी उभा होतो. न्यूयॉर्कचा तो माणूस गिऱ्हाईकाच्या जागी उभा राहतो, थंडीवाऱ्यात तासांचे पैसे घेतो. तिथं एका जागेला एक माणूस आहे आणि त्याच्या पायांना मोल आहे. मला तो धंदा लाजिरवाणा वाटत नाही. पण पास घेतल्यावर आमच्या जागी कोण उभं होतं? दांड्यापलीकडचे सगळे. प्रत्येकानं आमच्या वाटचं थोडं थोडं उभं राहून घेतलं, आणि मुलानं मोजलेले पैसे पार्काला गेले. त्या उभ्या माणसांना कोणी दहा पैसेही दिले नाहीत.

रात्री हॉटेलात मी हे मुलाला सांगितलं. तो माझ्याच आईचा नातू आहे, पण त्याचीही बाजू आहे. ‘‘बाबा, वर्षातनं पाच दिवस सुट्टी. त्यातला निम्मा वेळ रांगेत घालवू? आणि नियम पार्काचा आहे, आपण मोडलेला नाही.’’ खरं आहे. नोकरदार माणसाचे पाच दिवस म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे. आणि वृद्ध, आजारी, लहान मूल असलेले यांना सवलत असावी, यात वादच नाही. तान्हं मूल असलेल्या आईबापांनी आळीपाळीनं खेळात जावं, दुसऱ्याला पुन्हा रांग नको, अशी सोय तिथं आहे आणि ती शहाणपणाची आहे. म्हणून मी त्याला चूक म्हटलं नाही. गोष्ट मात्र पुरी सांगितली, घासलेटच्या बाटलीपर्यंत. नात पांघरुणातून ऐकत होती.

शेवटच्या दिवशी पास काढला नाही. का, ते कोणी बोललं नाही. एकाच मोठ्या खेळाला, पाची जण, साधी रांग. पाटीवर पन्नास मिनिटं होती. पहिली दहा जड गेली. मग हिनं गाण्याच्या भेंड्या सुरू केल्या. नातीला मराठी गाणी चारच येतात, तीच ती फिरवून म्हणत होती आणि पुढचे-मागचे लोक कौतुकानं बघत होते. सूनबाईनं माहेरच्या गणपतीची एक गोष्ट सांगितली, ती मुलानंही लग्नाच्या बारा वर्षांत ऐकली नव्हती.

गाडी समोर आली, तेव्हा मुलगा सवयीनं म्हणाला, ‘‘बाबा, तुम्ही त्या बाजूनं बाहेर पडा, आम्ही येतोच.’’

मी म्हणालो, ‘‘छे! पन्नास मिनिटं उभा राहिलोय. माझी जागा आहे ती.’’

आणि नातीचा हात घट्ट धरून, डोळे मिटून, गाडीत बसलो.