कोळशातला पारा

चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॉट क्षमतेचे आहे. तिथे जळणाऱ्या कोळशात पारा असतो, तोही अगदी नाममात्र. पण कोळसा लाखो टनांनी जळतो तेव्हा त्या नाममात्राचाही हिशेब ठेवावा लागतो.

पारा हे मूलद्रव्य आहे. ते जळत नाही, कुजत नाही, विघटित होत नाही. भट्टीत त्याची वाफ होते. काही धुरासोबत हवेत जाते, काही राखेला चिकटते. पावसाबरोबर तो तळ्यात, नदीत उतरला की गाळातले जिवाणू त्याचे मिथिल पारा हे घातक रूप बनवतात. शेवाळ, किडे, छोटे मासे, मग मरळसारखे शिकारी मासे, अशा प्रत्येक पायरीवर त्याचे प्रमाण वाढत जाते.

शेवटची पायरी माणसाची.

मिथिल पारा मेंदू आणि मज्जासंस्थेवर घाव घालतो. तो वारेतूनही पार होतो, म्हणून सर्वाधिक धोका गर्भाला. जपानच्या मिनामाता गावात एका रसायन कारखान्याच्या सांडपाण्यामुळे मिथिल पाऱ्याच्या विषबाधेचा आजार पसरला. १९५६ साली त्याची अधिकृत नोंद झाली.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या निर्देशांकात चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळाले, म्हणजे 'अतिप्रदूषित'. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने वीज केंद्रांच्या धुरातील पाऱ्यावर प्रथमच मर्यादा घातली.

चंद्रपूरजवळची इरई नदी वर्धेला मिळते आणि वर्धा गडचिरोलीत चपराळ्याजवळ वैनगंगेला. त्यामुळे धुराड्यांची तपासणी पुरेशी नाही. या नद्यांतला गाळ, मासे आणि काठावरच्या मासेमार कुटुंबांतील गरोदर बायांचे रक्तही नियमित तपासायला हवे.