बोलता येत नाही, तरी मेंदूतून थेट आवाज! मैत्रेयी वैरागकर यांचं संशोधन नेमकं काय आहे?

"आलास." आणि "आलास?"

शब्द तोच, अक्षरं तीच. फक्त शेवटी आवाज वर गेला आणि वाक्याचा प्रश्न झाला. आपण दिवसभरात हे शंभर वेळा करतो, पण लक्षातही येत नाही. आजारामुळे ज्याची वाचा गेली, त्याला मात्र हा साधा चढ-उतार परत मिळणं फार मोठी गोष्ट असते. आणि तो मिळवून देण्याच्या कामात एक मराठी नाव पुढे आहे, मैत्रेयी वैरागकर.

कोण आहेत त्या?

वैरागकर अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत संशोधन करतात. इंग्लंडच्या रेडिंग विद्यापीठातून त्यांनी पीएचडी केली. हालचाल करताना मेंदूच्या लहरींमध्ये काय बदल होतात, हा त्यांचा अभ्यासाचा विषय. जून 2025 मध्ये 'नेचर' या नामांकित नियतकालिकात त्यांच्या टीमचा शोधनिबंध आला. त्याच्या पहिल्या लेखिका वैरागकर आहेत.

प्रयोग काय होता?

एएलएस नावाचा आजार आहे. स्टीफन हॉकिंग यांना झाला होता तोच. यात मेंदूकडून स्नायूंकडे जाणारा निरोप हळूहळू तुटत जातो. विचार शाबूत असतात, पण जीभ, ओठ, घसा ऐकत नाहीत.

अशाच एका रुग्णाच्या मेंदूत 2023 मध्ये शस्त्रक्रिया करून 256 बारीक इलेक्ट्रोड बसवण्यात आले. जागा कुठली? तर बोलताना तोंडाच्या हालचाली सांभाळणारा भाग. मग त्याला स्क्रीनवर वाक्यं दाखवून ती बोलण्याचा प्रयत्न करायला सांगितलं. मेंदूतले संकेत कसे बदलतात आणि त्यातून कोणता आवाज निघायला हवा होता, ही जोडी कॉम्प्युटरला शिकवली गेली.

मग यात नवीन काय?

याआधीची यंत्रं मेंदूतले संकेत ओळखून आधी स्क्रीनवर शब्द लिहायची आणि मग तो मजकूर वाचून दाखवायची. त्यात वेळ जायचा. तुमचं वाक्य तयार होईपर्यंत घरातल्या गप्पा पुढच्या विषयावर गेलेल्या असायच्या.

वैरागकर यांच्या टीमने मधली लिखाणाची पायरीच काढून टाकली. संकेतातून थेट आवाज, तोही सुमारे एका सेकंदाच्या चाळीसाव्या भागात. त्यामुळे त्या रुग्णाला प्रश्न विचारता आला, हव्या त्या शब्दावर जोर देता आला, सोपी चाल गुणगुणता आली. यंत्राने आधी कधीच न ऐकलेले शब्दही त्याने उच्चारले. आणि हा आवाज होता आजारापूर्वीच्या त्याच्याच आवाजासारखा, जुन्या रेकॉर्डिंगवरून तयार केलेला.

मनातलं सगळं वाचतं का?

रील्समध्ये असं सांगतात खरं, पण नाही. रुग्ण बोलण्याचा प्रयत्न करतो, तेव्हा निर्माण होणारे संकेत हे यंत्र पकडतं. मनातली गुपितं शोधून काढण्यासाठी ते बनवलेलंच नाही.

आपल्याकडे कधी?

बुलडाणा जिल्ह्यातल्या धाडसारख्या गावात एखाद्या घरी असा रुग्ण असेल, तर पहिला प्रश्न हाच येणार. उत्तर सरळ आहे: आज हे कुठल्याच दवाखान्यात विकत मिळत नाही. हा प्रयोग 'ब्रेनगेट 2' या चाचणीचा भाग आहे आणि हे निष्कर्ष एकाच रुग्णावरचे आहेत. यंत्रातून आलेले जवळपास 60 टक्के शब्द ऐकणाऱ्यांना नीट कळले. यंत्राशिवाय हेच प्रमाण 4 टक्के होतं. म्हणजे झेप मोठी आहे, पण रोजच्या बोलण्यासाठी अजून पुरेशी नाही. त्यात कवटी उघडण्याची शस्त्रक्रिया आलीच.

म्हणून कुणी "मेंदूत चिप बसवून वाचा परत आणतो" म्हणत पैसे मागत असेल, तर चार हात लांब राहा.

भाषेचा मुद्दाही आहेच. हे यंत्र इंग्रजी बोलणाऱ्या माणसावर शिकलं. उद्या मराठी रुग्णासाठी ते वापरायचं तर 'ळ' आणि 'ण' त्याला नव्याने शिकावे लागतील. पण ते शब्दांच्या यादीवर अडून न राहता आवाज घडवतं, त्यामुळे वाट बंद नाही.

त्या वाटेने एखाद्या घरात वर्षांनंतर "आलास?" ऐकू आलं, तर उत्तर द्यायला सगळं घर धावेल.