टक् आणि घर्र

गेलं दशकभर मी सेरेब्रल पाल्सीतल्या एका शस्त्रक्रियेबद्दल मिळेल ते वाचत आले. एका मैत्रिणीचा मुलगा चवड्यांवर, गुडघे एकमेकांवर घासत चालायचा, तेव्हापासूनचा हा नाद. शेवटी एका रुग्णालयात ती प्रत्यक्ष पाहायची परवानगी मिळाली. पाहायला म्हणून गेले, पण मनात घर करून बसला तो आवाज.

पाच वर्षांची मुलगी पालथी झोपवलेली. हिरव्या कापडाखाली तिच्या मांड्यांत, पोटऱ्यांत, अगदी गुदद्वाराच्या स्नायूतही बारीक सुया टोचलेल्या. त्यांच्या वायरी स्नायूंतली वीज टिपणाऱ्या ईएमजी यंत्राला जोडलेल्या आणि यंत्राला एक स्पीकर. सर्जन मायक्रोस्कोपमधून बघत मज्जातंतूचा शेवईएवढा एक धागा हलकेच उचलून धरायचे, "द्या" म्हणायचे, धाग्याला विजेचा झटका बसायचा, आणि स्पीकरमधून पाय उत्तर द्यायचा.

स्पास्टिक सेरेब्रल पाल्सीत मूळ बिघाड स्नायूंत नसतो. स्नायू ताणला गेला की तसा निरोप मज्जारज्जूकडे जातो आणि तिथून 'आवळ' असा हुकूम परत येतो. मेंदू एरवी या देवघेवीला आवर घालतो. मेंदूला इजा झाली की तो आवर सुटतो. म्हणून निरोप आणणाऱ्या मज्जातंतूंच्या मागच्या मुळांतले काही धागे कापायचे, याला सिलेक्टिव्ह डॉर्सल रायझोटॉमी म्हणतात.

इतिहास थोडक्यात सांगते. शेरिंग्टन यांनी १८९८ मध्ये मांजरांवर प्रयोग करून दाखवलं, की मागची मुळं कापली की ताठरपणा जातो. १९०८ मध्ये ब्रेस्लाऊच्या फोर्स्टर यांनी हे माणसांवर केलं, पण अख्खी मुळं कापल्यावर संवेदनाही जायची. सत्तरच्या दशकात तुरीनच्या फासानो यांनी विजेचा झटका देऊन धागे निवडायला सुरुवात केली. पुढे केपटाऊनच्या पीकॉक यांनी पद्धत सुधारली आणि सेंट लुइसच्या पार्क यांनी ती एकाच मणक्याच्या जागेतून करून दाखवली.

आता त्या निवडीकडे येते, माझा जीव तिच्यातच अडकला आहे. आधी पुढचं मूळ कुठलं आणि मागचं कुठलं, हे ठरवायचं. पुढचं मूळ कितीतरी कमी विजेवर उसळतं. ते कापलं तर पायाचे स्नायू दुबळे होतात. मग मागचं मूळ तीन ते पाच धाग्यांत सोडवायचं आणि प्रत्येक धाग्याला एक सेकंद, सेकंदाला ५० टोले द्यायचे. शांत धागा सुरुवातीला 'टक्' करून गप्प होतो. बिघडलेला 'घर्र' करत राहतो. कधी तो आवाज शेजारच्या स्नायूंत पसरतो, कधी लांबच्या, तर कधी चक्क दुसऱ्या पायात. या पसरण्यावरूनच शून्य ते चार अशी प्रत ठरते. कापडाखाली हात घालून बसलेल्या फिजिओथेरपिस्ट मॅडम मध्येच म्हणाल्या, "डावी पोटरी पण आली, सर." स्क्रीनवरही तेच दिसत होतं. पण त्यांच्या तळहाताला ते यंत्राबरोबरच कळलं, याचं मला फार अप्रूप वाटलं. या सगळ्यासाठी भूलतज्ज्ञांना स्नायू सैल करणारं औषध उतरू द्यावं लागतं, नाहीतर स्पीकर मुकाच.

साधारण ५० ते ७० टक्के धागे कापले जातात. पण वाद आहेच. ताठरपणा नसलेल्या माणसांतही असे पसरणारे प्रतिसाद सापडले आहेत, आणि तोच धागा पुन्हा तपासला तर प्रत बदलू शकते. त्यामुळे काही सर्जन ठरावीक प्रमाणातच कापतात. व्हँकूवर, टोरांटो आणि सिअॅटलमधल्या तीन चाचण्यांचा एकत्रित हिशेब २००२ मध्ये मांडला गेला. ताठरपणा नक्की घटतो, हालचालीतली भर मात्र माफक, असं त्यातून दिसलं. नंतर फिजिओथेरपी महिनोन् महिने करावी लागते, कारण ताठरपणाखाली दडलेला अशक्तपणा तेव्हाच उघडा पडतो.

तरीही माझं मत या विजेच्या तपासणीच्या, म्हणजे मॉनिटरिंगच्या, बाजूने आहे. कोणता धागा किती बिघडलेला यावर वाद घालावा, पण कोणता मुळीच कापू नये, हे ते सांगतं. खालच्या त्रिकास्थी मुळांवर लघवी-शौचाचा ताबा अवलंबून असतो.

त्या दिवशी शेवटच्या काही धाग्यांपैकी एकाला झटका दिला, आणि गुदद्वाराच्या स्नायूची रेघ एकदम उसळली. टेक्निशियनने नुसतं "स्फिंक्टर" म्हटलं. सर्जननी कात्री बाजूला ठेवली, तो धागा होता तिथे अलगद सोडला आणि पुढचा उचलला.