डब्ल्यू-ए-एस-डी म्हणजे नियम नव्हे!

संगणकावर नवा गेम उघडला, की बहुतेक जण थेट खेळायलाच बसतात. मेनूतील 'कंट्रोल्स'चे पान पाहण्याची तसदी फार थोडे घेतात. बोटे अडखळणे, नेम चुकणे, तासाभरात मनगट अवघडणे या तक्रारींचे मूळ मात्र अनेकदा खेळाडूच्या कौशल्यात नसून त्या पानात असते.

पुढे-मागे जाण्यासाठी डब्ल्यू आणि एस, डावी-उजवीकडे सरकण्यासाठी ए आणि डी, ही मांडणी आता सर्वत्र गृहीत धरली जाते. ती कोणा तज्ज्ञांनी ठरवलेली नाही. १९९३ च्या 'डूम'मध्ये बाणांच्या बटणांनी चालायचे आणि कंट्रोल दाबून गोळी झाडायची, अशी मूळ व्यवस्था होती. १९९६ च्या 'क्वेक'मध्येही बाणच होते. पण तेथे वर-खालीही पाहता येत असल्याने उजवा हात माऊसवर ठेवणे फायद्याचे ठरले. मग बाणांपर्यंत डावा हात न्यायचा, तर तो माऊसला खेटू लागला. 'थ्रेश' या नावाने खेळणारा अमेरिकी खेळाडू डेनिस फाँग डब्ल्यू-ए-एस-डी वापरत असे. १९९७ मध्ये 'क्वेक'ची स्पर्धा जिंकून त्याने गेमचे एक निर्माते जॉन कारमॅक यांची फेरारी मोटार बक्षिसात मिळवली आणि त्याची मांडणीही गाजली. १९९८ च्या 'हाफ-लाइफ'मध्ये ती मूळ मांडणी म्हणूनच आली.

तेव्हा ती बदलण्यात संकोच कसला? काही जण सगळा हात एक घर उजवीकडे सरकवून ई-एस-डी-एफ वापरतात. त्यामुळे तर्जनी एफवरील उंचवट्यावर राहते, हात न पाहता जागेवर येतो आणि करंगळीला अधिक बटणे मिळतात. डावखुऱ्यांचा प्रश्न अधिक गंभीर आहे. माऊस डाव्या हाती घेतला, तर उजव्या हातासाठी बाण किंवा आय-जे-के-एल निवडावे लागतात. मात्र तेवढ्याने भागत नाही. उडी, वाकणे, शस्त्र बदलणे ही सारी बटणेही त्यांच्या आसपास आणावी लागतात. हे काम अर्ध्या तासाचे आहे, पण ते एकदाच करायचे असते.

मराठी टंकलेखन करणाऱ्यांना एक वेगळीच अडचण येते. काही गेम्स बटणाची जागा ओळखतात, तर काही त्यावरचे अक्षर. कीबोर्ड इनस्क्रिप्टवर राहिला असेल, तर डब्ल्यू दाबल्यावर ऐकाराची मात्रा उमटते आणि दुसऱ्या प्रकारच्या गेममधील नायक जागचा हलत नाही! खेळण्यापूर्वी भाषा इंग्रजी करावी. शिफ्ट पाच वेळा दाबताच विंडोज 'स्टिकी कीज'ची चौकट पुढे करते. तो शॉर्टकटही आधीच बंद केलेला बरा.

माऊसच्या बाबतीत अंदाजाऐवजी मोजपट्टी वापरावी. आपले पात्र स्वतःभोवती पूर्ण एक फेरी घेण्यासाठी माऊस टेबलावर किती सेंटिमीटर सरकवावा लागतो, ते मोजा. 'काउंटर-स्ट्राइक'मध्ये माऊसच्या प्रत्येक सूक्ष्म टप्प्याला, सेन्सिटिव्हिटी १ असताना, ०.०२२ अंश वळण मिळते. माऊस ८०० डीपीआयचा आणि सेन्सिटिव्हिटी २ असेल, तर एका इंचात ३५.२ अंश, म्हणजे पूर्ण फेरीला सुमारे २६ सेंटिमीटर लागतात. हे अंतर एकदा ठाऊक झाले, की दुसऱ्या गेममध्येही तेच जुळवता येते आणि हाताची सवय वाया जात नाही. विंडोजमधील 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' नावाने भुलू नका. माऊस वेगाने हलवला, की त्या सुविधेमुळे तेवढ्याच अंतरात अधिक वळण मिळते. म्हणजे नेमाचा सराव करणाऱ्यासाठी ती अडथळाच. अनेक गेम्समधील 'रॉ इनपुट' हा पर्याय तिला बगल देतो.

कधी सारे नीट बसवूनही तीन बटणे एकत्र दाबल्यावर एक उमटत नाही. दोष गेमचा नसतो. स्वस्त कीबोर्डमध्ये बटणे आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर जोडलेली असल्याने काही विशिष्ट जोड्या त्याला ओळखताच येत नाहीत. अशा वेळी त्यांपैकी एक काम माऊसच्या अंगठ्याजवळील बटणाकडे सोपवावे.

एका वेळी एकच बदल करून त्याला चार-पाच दिवस द्यावेत. काही गेम्स या निवडी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये साठवतात. 'क्वेक'ची अशी फाइल नोटपॅडमध्येही वाचता येते. तिची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवली, की संगणक बदलल्यावर सारी मांडणी पुन्हा करत बसावे लागत नाही.