घरासाठी पहिले चित्र घेताना

वडशात नवे घर बांधले की दर्शनी भिंतीवर तथागतांची व बाबासाहेबांची तसबीर लागते. ती जागा ठरलेली आहे. प्रश्न उरतो बाकीच्या भिंतींचा. तेथे बहुधा बर्फाच्या डोंगराची छापील ‘सीनरी’ येते. झाडीपट्टीच्या नाटकाचे तिकीट काढून आपण थंडीत रात्रभर बसतो. पण चित्रासाठी पैसे मोजायचे म्हटले की ते आपले काम नव्हे असे वाटते. आम्हांलाही तसेच वाटे.

नवख्याने प्रथम हाताचे काम व छापील काम ओळखायला शिकावे. आम्ही पहिले वारली चित्र एका प्रदर्शनातून हाताचे समजून घेतले. पुढे तेच चित्र एका परिचितांकडे दिसले, रेघेला रेघ जुळणारे! म्हणून विक्रेत्याला त्याच विषयाची दोन चित्रे शेजारी ठेवायला सांगावे. हाताच्या कामात दोन आकृत्या हुबेहूब येत नाहीत. ऑफसेट छपाई असेल तर भिंगातून रंगाचे बारीक ठिपके दिसतात. छापील चित्र वाईटच असते असे नव्हे. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, म्हणूनच सामान्यांच्या घरी चित्रे पोचली. मात्र छापील चित्राला छापीलचीच किंमत द्यावी.

चित्रच हवे असेही नाही. आपल्या जिल्ह्याला लागून बस्तर आहे. तेथील घडवा कारागीर मातीच्या गाभ्यावर मेणाचे धागे गुंडाळतात, वरून मातीचा लेप देतात, भट्टीत मेण वितळवून त्या जागी पितळ ओततात. मूर्ती काढण्यासाठी साचा फोडावाच लागतो. त्यामुळे प्रत्येक ढोकरा मूर्ती एकुलती एक. लहानसा बैल किंवा मोर विद्यार्थ्यालाही पैसे साठवून घेता येईल. शक्यतो कारागिराकडूनच घ्यावा, त्याचे नाव-गाव विचारून लिहून ठेवावे, आणि फार घासाघीस करू नये. राबूनही दाम न मिळणे म्हणजे काय, हे आपल्या आजोबांना चांगले ठाऊक होते.

कागदावरील चित्राचा खरा शत्रू आपला पावसाळा. फ्रेम करताना काच चित्राला टेकू देऊ नये, मधे जाड पुठ्ठ्याची चौकट घालायला सांगावे. फ्रेमच्या मागे कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवले की भिंतीची ओल थेट लागत नाही. बाहेरच्या, पावसाचा मारा खाणाऱ्या भिंतीवर चित्र लावूच नये. आषाढ-श्रावणात एकदोनदा खाली उतरवून मागची बाजू पाहावी. वाळवी तेथूनच चढते.