मे-जूनमध्ये हिमालय? आधी बर्फाची विचारपूस
तेल्हाऱ्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून हिमालयातला बर्फही वितळला असेल असे धरून चालू नका. मार्च-एप्रिलमध्ये पश्चिमी चक्रावात येत राहिले, तर सुमारे 4,270 मीटर उंचीची हम्प्टा खिंड जूनमध्येही बर्फाखाली सापडते. हेमकुंड साहिबची वाट लष्कराचे जवान बर्फ कापून मोकळी करतात.

सेंटिनेल-2 उपग्रहांची चित्रे मोफत असतात आणि साधारण दर 5 दिवसांनी नवी येतात. जुन्या-नव्या चित्रांत हिमरेषा किती वर सरकली ते पाहा. बर्फाची खोली मात्र त्यांत कळत नाही. ती पायथ्याच्या गावातल्या वाटाड्यालाच विचारावी: नाल्यांवरचे बर्फाचे पूल शाबूत आहेत का? खिंडीचा उतार किती वाजेपर्यंत घट्ट राहतो? दुपारी बर्फ भुसभुशीत होतो, पाय रुततात, नाल्यांना पाणी चढते. म्हणून खिंड सकाळीच ओलांडायची.

हवामानाचा अंदाज शेवटच्या दिवशीही पाहाच. जून 2024 मध्ये उत्तराखंडात सहस्रताल वाटेवर हिमवादळात सापडून कर्नाटकातून गेलेल्या गटातील 9 जण दगावले. परतीचे रेल्वे आरक्षण दोन दिवस पुढचे ठेवा, म्हणजे गाडी चुकेल या धास्तीने कुणी खिंडीत शिरणार नाही.