अर्ज, वकीलपत्र आणि तारखेचं भाडं

मोफत वकील मिळवण्याच्या अर्जात ‘प्रकरणाचे थोडक्यात स्वरूप’ असा एक रकाना असतो. जागा जेमतेम दोन-तीन ओळींची. गरिबाचा खटला कोणत्या वाटेने जाणार, हे बहुतेक वेळा त्या ओळींवरच ठरतं. विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरचा वकील म्हणून बुलढाणा जिल्ह्यात मी असे अर्ज लिहून दिले आहेत. माझ्या मते या कामातला सगळ्यात कसोटीचा टप्पा हाच.

घाटाखालच्या एका गावातून आलेली बाई समोर बसते. सासूपासून सुरुवात होते, मग दीर, मग विकलेली गाय, मग माहेराहून आणलेली भांडी. मध्ये तोडायचं नाही. तोडलं की ती गप्प होते आणि मुद्द्याची गोष्ट तिच्याजवळच राहते. बऱ्याच वेळाने ती म्हणते, “मले फारकती नाई पाह्यजे, पोराच्या शाळेचे पैसे पाह्यजे.” अर्ज सुरू होतो तो इथे. लग्न कधी झालं, घर कधी सोडलं, पोराचं वय काय, नवरा काय करतो, सातबारा कोणाच्या नावावर आहे, हे एकेक विचारून उतरवायचं. घाईत कोणी त्या रकान्यात ‘घटस्फोटाबाबत’ असं लिहिलं, तर तिला नको असलेला दावा सुरू होईल. खरी गरज पोटगीची. त्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आहे, २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, आणि अंतरिम पोटगी मागता येते.

अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे किंवा बुलढाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो. प्राधिकरणाचे अध्यक्ष प्रमुख जिल्हा न्यायाधीश असतात आणि रोजचं काम सचिव पाहतात, तेही न्यायाधीशच. नियमाप्रमाणे सात दिवसांत निर्णय व्हायला हवा. नकार आला तर अध्यक्षांकडे दाद मागता येते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातलं कलम १२ पात्रता सांगतं: स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, औद्योगिक कामगार, कोठडीतला माणूस, पूर किंवा दुष्काळाने ग्रासलेले. यांना उत्पन्नाची अट नाही. महाराष्ट्रातली वर्षाला तीन लाखांची मर्यादा उरलेल्यांसाठी आहे. तरीही तलाठ्याकडून दाखला आणायला म्हणून आठवडा घालवलेल्या बाया भेटतात. त्यांना तसं सांगणारा माणूस कधी कोर्टाच्या दारातला असतो, कधी गावातला.

मग नियुक्तीपत्र येतं, वकीलपत्रावर सही किंवा अंगठा होतो आणि फाईल सुरू होते. इथून पैशाचा प्रश्न सुरू होतो, आणि तो मोकळेपणाने बोलायलाच हवा. पॅनेलवरच्या वकिलाने पक्षकाराकडून एक रुपयाही घ्यायचा नाही, हा नियम योग्यच आहे. त्याला मानधन विधी सहायता निधीतून मिळतं, टप्प्याटप्प्याने. टायपिंग आणि झेरॉक्स आधी स्वतःच्या खिशातून करायचं, मग बिल लावायचं. खाजगी प्रकरणाच्या फीसमोर हे मानधन फार तोकडं पडतं. एकाच दिवशी दोन कोर्टांत पुकारा झाला, तर वकील आधी कुठे धावेल? धावणाऱ्याला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे, पण त्याने पुढची तारीख कमी होत नाही.

फौजदारी बाजूला यावर उपाय निघाला. २०२२ च्या योजनेतून लोक अभिरक्षक आले: पूर्णवेळ नेमलेले, महिन्याला ठरलेलं मानधन घेणारे, खाजगी वकिली न करणारे. कोठडीतल्या माणसाच्या मागे पहिल्या रिमांडपासून कोणीतरी उभं राहतं. हा हक्क सहज मिळालेला नाही. १९७८ साली होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की कैद्याला निकालाची प्रत आणि अपिलासाठी वकील मोफत मिळालाच पाहिजे. तरी अडचण उरतेच. जामिनाचा आदेश होतो आणि ऐपतदार जामीनदार मिळत नाही, म्हणून माणूस आतच राहतो. आदेशानंतर सात दिवसांत सुटका झाली नाही, तर कारागृह अधीक्षकांनी प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावं, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये दिले. त्याच वर्षीच्या केंद्राच्या योजनेत गरीब कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंतची तरतूद झाली.

दिवाणी बाजूला मात्र अशी पूर्णवेळ व्यवस्था नाही. आणि आमच्या जिल्ह्यातली बरीचशी भांडणं दिवाणीच आहेत: बांध, वाटणी, वारसाची नोंद, जिगाव प्रकल्पात आणि समृद्धी महामार्गात गेलेल्या जमिनीचा मोबदला. ही प्रकरणं वर्षानुवर्षं चालतात. उच्च न्यायालयात अपील करायचं तर छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ जवळ असूनही जावं लागतं नागपूर खंडपीठाकडे. तिथेही मोफत वकील मिळतो, पण जाण्यायेण्याचं काय?

माझ्या डोक्यातून न जाणारी गोष्ट हीच. कायद्याने वकिलाच्या फीची सोय केली, पक्षकाराच्या दिवसाची केली नाही. मलकापूरकडची बाई बुलढाण्याला तारखेला येते, तेव्हा राजूर घाट चढून यावं लागतं. मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, त्याचा खरोखर आधार होतो. पण सोयाबीनची सोंगणी किंवा कापसाची वेचणी चालू असताना बुडालेली मजुरी कोण भरून देणार? आणि साहेब रजेवर, म्हणून पुढची तारीख. अशा चार तारखा गेल्या की ती येणं सोडते, रोजनाम्यावर ‘अर्जदार गैरहजर’ अशी नोंद पडते आणि अर्ज निकाली निघतो. तो हरला असं मी म्हणणार नाही. तो भाड्यावाचून बंद पडला.

म्हणून तीन गोष्टी व्हायला हव्यात. दिवाणी कामालाही पूर्णवेळ वकील नेमावेत, पॅनेलचं मानधन वाढवून वेळेवर द्यावं, आणि मोफत विधी सेवेच्या पक्षकाराला तारखेचा प्रवासखर्च व एका दिवसाची मजुरी मिळावी. सरकारी खटल्यातल्या साक्षीदाराला कोर्ट भत्ता देतं, मग हिला का नाही?

तोवर वाचणाऱ्याने एवढं करावं. तुमच्या गल्लीत, शेतात, बचत गटात अशी कोणी असेल, तर तिला तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीचं कार्यालय दाखवा किंवा १५१०० हा क्रमांक लावून द्या. आणि उत्पन्नाचा दाखला लागत नाही, हे तिला आधीच सांगा.